फळा, नोंद २३ : ‘एकमेव’ पुसावा लागला

मंडळी, गेल्या नोंदीत मी फार तोऱ्यात होते, आठवत असेल. आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी जो फळा आहे, त्यावर कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं कार्ड लावलं होतं. १८७० साली युरोपच्या दौऱ्यावरून परतताना फ्लोरेन्समध्ये ऐन विशीत निधन, दोन नद्यांच्या संगमावर दहन, तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आणि शेजारच्या पुलाचं नावच ‘त्या भारतीयाचा पूल’. चार माणसं वाचत उभी राहिली आणि लिफ्ट रिकामी वर गेली. आमच्या फळ्यावर लिफ्ट रिकामी जाणं म्हणजे शतक ठोकणं. पुढचे चार दिवस मी त्याच हवेत होते. सोमवारी जमिनीवर आले.

सोमवारी लोणार लावलं. कार्ड आठ महिने आढीत होतं, म्हणजे आंब्यांसारखी पिकायला ठेवलेली माहितीची कार्डं असतात त्या माझ्या पेटीत. आपला नियम तोच: दोन वेगळ्या ठिकाणी सापडल्याशिवाय आढीतून काढायचं नाही. हे दोन ठिकाणी सापडलं होतं, म्हणजे पाडाला आलं असं समजून लिहिलं: ‘बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं जगातलं एकमेव विवर आहे.’ (बेसॉल्ट म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक.) संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन परत आले, तर माझ्या ठसठशीत पांढऱ्या ओळीखाली निळ्या खडूने बारीक अक्षरात एकच शब्द: ‘ब्राझील?’

आधी राग आला. निळा खडू माझाच होता, फळ्याच्या खाचेतला. मग पोटात गोळा. प्रश्नचिन्ह काढणारा माणूस बहुधा उत्तर माहीत असलेला असतो.

तो शब्द लिहिणारी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची नात निघाली. भूशास्त्र शिकते, सुट्टीला आलीय. म्हणाली, “काकू, चिडू नका हं. ब्राझीलमध्ये वार्जेआओ आणि विस्ता आलेग्रे म्हणून दोन विवरं आहेत, दोन्ही बेसॉल्टमध्ये. लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं, वार्जेआओ बारा किलोमीटरचं.” मी म्हटलं, अगं पण मला दोन ठिकाणी सापडलं होतं. ती म्हणाली, “कुठल्या दोन?” दाखवलं. एक पर्यटनाचं माहितीपत्रक, दुसरा दिवाळी अंकातला लेख. दोन्हींत तेच वाक्य, त्याच क्रमाने, ‘अतिवेगवान’ या शब्दासकट. म्हणजे दोन्ही आंबे एकाच झाडाचे. इतकी वर्षं मी दोन आंबे मोजत होते, झाडं मोजलीच नाहीत. ज्यांची आढी माझ्याच पद्धतीची आहे त्यांनी आज रात्रीच एकदा उपसून पाहावी.

आता खरी मारामारी. ‘एकमेव’ पुसला, तर वाक्यात उरलं काय? ‘लोणार हे बेसॉल्टमधलं एक विवर आहे.’ यासाठी कोण लिफ्ट सोडणार? नवीन मंडळींसाठी परत सांगते, फळा दोन फूट बाय तीन फूट. सहाव्या मजल्यावरून लिफ्ट खाली येईपर्यंत माणूस जेवढं वाचतो तेवढंच लिहायचं, म्हणजे पंचवीस शब्द. त्यात चकित करायचं आणि खोटंही बोलायचं नाही.

पहिला प्रयत्न: ‘पूर्णपणे बेसॉल्टमधलं’. यात थोडा दम आहे. लोणारला बेसॉल्टचा थर शेकडो मीटर जाड आहे, त्यामुळे विवर त्याच्या बाहेर गेलंच नाही. ब्राझीलच्या दोघांत आघात इतका मोठा होता की बेसॉल्टखालचा वालुकाश्म मधोमध वर उचलला गेलाय. पण हे कंसात समजावल्याशिवाय कळत नाही आणि कंस वाचेपर्यंत लिफ्ट येते. दुसरा प्रयत्न: ‘सर्वांत सुबक टिकलेलं’. लिहिलं, दोन पावलं मागे सरकले, आणि लक्षात आलं की ‘एकमेव’ काढून मी ‘सर्वांत’ घातलाय. कुंपणावरची एक काटेरी फांदी काढून दुसरी खोवली. पुसलं.

तिसरा प्रयत्न वयाचा. कार्डावर ‘५२ हजार वर्षांपूर्वी’ लिहिलेलं होतं, वाटलं हेच पुढे करावं. नात म्हणाली, “कुठल्या पद्धतीने?” बाई गं! तर ऐका. ५२ हजार हा आकडा १९९०च्या दशकात आला, विवरातल्या काचेला तापवून तिचा उजेड मोजण्याच्या पद्धतीने. खनिजात किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते, तापवलं की ती उजेड होऊन बाहेर पडते, जितका उजेड तितकं वय. २०११ साली आर्गॉन वायूच्या पद्धतीने (हा वायू खडकात काळागणिक साचत जातो) पुन्हा मोजलं, तर उत्तर आलं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त! उजेडाच्या पद्धतीत काही खनिजांतला साठा आपोआप गळतो, मग वय कमी दिसतं. आर्गॉनला उलटा धोका: मूळ खडक साडेसहा कोटी वर्षांचा, त्यातला जुना आर्गॉन वितळताना पूर्ण निघून गेला नाही, तर काच आहे त्याहून म्हातारी दिसते. ते हिशेबात धरूनच २०११चा आकडा काढलाय, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने. माहितीपत्रकं अजून ५२ हजारांवरच थांबली आहेत. हे मी मागे परतवलेल्या सांबाराच्या गोष्टीसारखंच. तंजावरात संभाजीराजांसाठी आमटीत चिंच घातली आणि सांबार झालं ही कथा सगळे सांगतात, त्या काळातला कागद कोणी दाखवत नाही. डागी आंबा, त्यावर परत वाद नको.

मध्ये दोन संध्याकाळी मूर्खासारख्या गेल्या, तेही सांगून टाकते. लोणारचा जुना उल्लेख हवा म्हणून मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजांच्या काळातले जिल्ह्यांचे माहितीग्रंथ, उपसत बसले. बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे निझामाने इंग्रजांकडे ‘सोपवलेल्या जिल्ह्यांत’! मुंबईच्या गॅझेटिअरात तो असेलच कसा? वऱ्हाडाचं गॅझेटिअर वेगळं, १८७०चं. शिवाय या जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रतींवर शब्दशोध चालवू नका. इंग्रजीत तीनाचा आठ होतो, मराठीत एकाचा नऊ. पान उघडून डोळ्यांनीच वाचा. त्यापेक्षा विश्वकोशाचे खंड बरे, नोंदीखाली लेखकाचं नाव तरी असतं. भांडायला माणूस सापडतो.

खडूचंही एक. ‘धूळ होत नाही’ म्हणून महाग खडूचं खोकं आणलं होतं. धूळ होत नाही हे खरं, कारण उमटतही नाही. परत साध्या खडूवर आलेय. रात्रभर डब्यात बंद न करता उघड्यावर ठेवा, ओल धरलेला खडू किंचाळतो.

तर शेवटची युक्ती नातीनेच अजाणता दिली. मी विचारलं, उल्कापातच कशावरून, ज्वालामुखी का नाही? आपल्याकडे सगळा ज्वालामुखीचाच खडक, शंभर वर्षं लोक तसंच समजत होते. ती म्हणाली, १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी तळ्याखाली भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट दाखवलं, तिथे प्रश्न मिटला. मॅस्केलिनाइट म्हणजे प्रचंड धक्क्याने काच झालेलं फेल्डस्पार नावाचं खनिज, ज्वालामुखीत तसा धक्काच बसत नाही. मग सहज म्हणाली, “ते पहिल्यांदा शेरगोटीत सापडलं होतं.”

शेरगोटी म्हणजे बिहारातलं शेरघाटी, गया जिल्हा. २५ ऑगस्ट १८६५ रोजी तिथे आकाशातून पाचेक किलोचा दगड पडला. १८७२ साली व्हिएन्नाच्या चेरमाक यांनी त्यात ही काच ओळखली आणि ब्रिटिश म्युझियमच्या मॅस्केलिन यांचं नाव तिला दिलं. आता धरून बसा: तो दगड मंगळावरचा. त्याच जातीच्या दुसऱ्या एका दगडातल्या काचेत अडकलेला वायू आणि व्हायकिंग यानांनी १९७६ साली मंगळावर मोजलेली हवा एकमेकांशी जुळली. त्या जातीच्या मंगळी दगडांना जगभर ‘शेरगोटाइट’ म्हणतात. मंगळाच्या दगडांना बिहारातल्या गावाचं नाव!

मी तिथेच जिन्यात बसले. दहा दिवस ‘एकमेव’च्या नावाने रडत होते आणि गंमत काचेत होती. बरं, काच लोणारला दोनदा भेटते. आइन-ए-अकबरीत त्या भागात काच आणि साबण करायचं साहित्य मिळतं असा उल्लेख आहे, तळ्याच्या क्षारांमुळे. त्याचं वेगळं कार्ड केलंय, आढीत.

शुक्रवारी सकाळी फळ्यावर चढलं ते असं: ‘लोणारच्या तळाखाली उल्केच्या धक्क्याने झालेली एक काच सापडते. ती काच पहिल्यांदा ओळखली गेली १८६५ साली बिहारात पडलेल्या दगडात. तो दगड मंगळावरून आला होता.’ तेवीस शब्द. ‘पहिल्यांदा’ आहे, हो, दिसलाय मला. पण या पहिल्याला माणूस, साल आणि दगड तिन्ही आहेत, म्हणून ठेवला.

लिफ्ट दोनदा रिकामी गेली. पण मजा त्यापुढची. आमचे वॉचमनभैया फळा कधी वाचत नाहीत, मराठी अक्षरं वाचता येतात पण कंटाळा. त्यांनी ‘बिहार’ पाहिलं आणि मला हाक मारली. हिंदीत समजावलं, शेरघाटी म्हटलं. “मॅडम, शेरघाटी? वो तो हमारे यहाँ से बस जाती है।” फळ्याचा फोटो काढून त्यांनी घरी पाठवला, मग व्हिडिओ कॉलवर मला उभं करून ‘मंगल का पत्थर’ पुन्हा सांगायला लावलं. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, “और पत्थर अब कहाँ है?” कोलकात्याला, मुख्य तुकडा तिथल्या संग्रहात, असं सांगितलं. त्यांना ते पसंत पडलं नाही. गावात पडला तर गावात पाहिजे.

पुढचा बेत चिकूचा होता, त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम करायचे तो. तो लांबणीवर. आधी सगळी पेटी उपसलीय. ‘एकमेव’, ‘पहिला’, ‘सर्वांत’ असलेली सगळी कार्डं वेगळ्या डब्यात टाकतेय, नाव ठेवलंय तम-डबा: प्राचीनतम, उच्चतम, महत्तम, आणि आत अंधार. काल रात्रीपर्यंत ६१ निघाली. ‘भारतातली पहिली रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे, १८५३’ हे पहिलंच. तिथे ‘प्रवासी’ शब्द घातल्याशिवाय ते उभं राहत नाही, कारण रुडकीला कालव्याची माती वाहायला १८५१ सालीच इंजिन धावलं आणि मद्रासकडे रेड हिल्सला दगड वाहणारी गाडी तर १८३७ची. एक शब्द घालून सुटलं, उगाच घाबरले होते.

तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख मात्र तम-डब्यात अडकलाय. कार्डावर माझ्याच अक्षरात ‘जगातला सर्वांत मोठा’ आहे. कोणी तिथे जाऊन त्याच्या ओळी मोजल्या असतील, तर कळवा. नात म्हणते, सोमवारी ती पुन्हा कॉलेजला जाणार. निळा खडू खाचेतच ठेवलाय.