चौकट नसलेल्या फोटोतला काठ

यंदाच्या जूनसाठी आमच्या गटाने विषय ठरवला ‘एज’. मराठीत विचार करायला बसले तर एकाचे चार शब्द झाले. नदीला काठ, डोंगराला कडा, कागदाला कड, सुरीला धार. मी ‘काठ’ घेतला आणि महिनाभर तोच डोक्यात घेऊन फिरले.

सॅन फ्रान्सिस्को आणि खाडीपलीकडच्या गावांतले आम्ही दहा-बारा जण वर्षातून चारदा, दोन्ही विषुवदिनांच्या आणि अयनदिनांच्या आसपास, एकाच विषयावर ३६० अंशांचा एकेक पॅनोरमा, म्हणजे चहूबाजूंचं सगळं एकाच चित्रात दाखवणारा फोटो, काढतो. कल्पना आमची नाही. खाडीपलीकडच्याच बर्कलीच्या विद्यापीठातून २००४च्या मार्चमध्ये ‘वर्ल्ड वाईड पॅनोरमा’ सुरू झाला. जगभरातल्या लोकांनी ठरलेल्या दिवसांत, जिथे असतील तिथून, आपल्याभोवतीचं सगळं टिपायचं. आम्ही तेच छोट्या प्रमाणावर करतो. नियम एकच कडक आहे: फोटो त्याच दोन-तीन दिवसांत काढलेला हवा. जुना चालत नाही.

या शहराला पॅनोरमाचं जुनं वेड आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने इथल्या टेकडीवरच्या एका बंगल्यावरून फोटोसाठीच्या तेरा मोठ्या काचांवर (तेव्हा फिल्मऐवजी काच असे) अख्खं शहर टिपलं. काचा एकामागून एक घेतल्यामुळे तेवढ्या वेळात सूर्य सरकला आणि सावल्याही. १९०६च्या भूकंपानंतर जॉर्ज लॉरेन्सने पतंगांच्या माळेला कॅमेरा टांगून उद्ध्वस्त शहराचा फोटो घेतला. हे दोन्ही फोटो मी पुन्हा पुन्हा बघते.

साध्या फोटोत नको ते चौकटीबाहेर ठेवता येतं. विजेचा खांब, कचऱ्याचा डबा, कोणाची तरी गाडी. इथे बाहेर असं काही नसतंच. विषय दाखवायला हातात एकच गोष्ट उरते, उभं कुठे राहायचं. म्हणून मला ‘काठ’ अवघड वाटला. ज्या फोटोला स्वतःलाच कड नाही, त्यात काठ दाखवायचा कुठून?

शनिवारी पहाटे ओशन बीच या समुद्रकिनाऱ्यावर गेले. लाटेची ओली रेघ जिथे थांबते, बरोबर तिथे ट्रायपॉड लावला. खूप रुंद दृश्य पकडणारी फिशआय लेन्स, ६० अंशांवर एक असे सहा फोटो, एक वर आकाशाचा, एक खाली जमिनीचा; नंतर हे सगळे जोडून एकच चित्र करायचं. फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने पक्कं केलं. कॅमेरा फिरतो तो लेन्समधल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरला पाहिजे, नाहीतर जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींपासून सरकतात आणि जोड उघडे पडतात. तो बिंदू मी घरी दाराची चौकट आणि खिडकीबाहेरचा खांब यांची रेघ जुळवून शोधून ठेवला होता. पण तिसऱ्या फोटोनंतर लाट आली, ट्रायपॉडचा एक पाय वाळूत खचला. दिसायला दोन बोटंच. घरी येऊन जोडायला घेतलं तर क्षितिजाला सरळ पायरी पडली होती. सॉफ्टवेअर काही जोड सांभाळून घेतं, समुद्राची रेघ तुटलेली मात्र लगेच दिसते. खूप वाईट वाटलं.

रविवारी सुट्रो बाथ्सला गेले. १८९६ मध्ये इथे काचेच्या छताखाली भलेमोठे पोहण्याचे तलाव सुरू झाले. भरतीचं पाणी त्यांत घेतलं जायचं. १९६६ मध्ये इमारत जळाली. आता उरलेत काँक्रीटचे पाये, भिंती आणि साचलेलं पाणी. एका भिंतीच्या अलीकडे हिरवट, निश्चल तलाव, पलीकडे पॅसिफिक आपटतोय. पाय रोवायला घट्ट काँक्रीट आणि हवा तो काठ, दोन्ही एकाच जागी मिळालं.

धुकं उतरलं होतं. लाटा तर थांबत नाहीत, म्हणून समुद्राकडच्या प्रत्येक दिशेला पाच-पाच फोटो घेतले, लाट मागे सरतानाचे. जोडताना शेजारच्या फोटोंत फेस जुळेल अशी जोडी निवडली. आठ फोटोंचं काम तीन तास चाललं, आणि त्या तीन तासांत मी ते पाणी जितकं नीट पाहिलं तितकं उभं राहून कधी पाहिलं नव्हतं.

गटातल्या इतरांचे काठ बघून मला भरून आलं. एकाने धावपट्टीच्या टोकापलीकडचं गवत काढलं होतं, एकीने आजारी वडिलांच्या पलंगाच्या कडेवरून दिसणारी खोली. कॅमेरा उशीच्या उंचीवर. बाकी सगळे फोटो मला त्यापुढे फिके वाटले, माझाही.

माझ्या फोटोचा दुवा आईला पाठवला. फोन वळवला की चित्र वळतं, हे कळल्यावर ती खोलीतच हळूहळू गोल फिरली. कॉलवर मला तिची पावलं ऐकू येत होती. मग ती थांबली.

“अगं, इथे पाणी कुठे संपतं तेच दिसत नाहीये.”

“धुकं आहे तिथे, आई.”

“बरं,” म्हणाली, आणि ती भिंत सापडेपर्यंत पुन्हा फिरत राहिली.