मान्यानी धावली तो रस्ता

तेर्मिनी स्टेशनपासून पाच नंबरच्या ट्राममध्ये बसलो तेव्हा मनूने, माझ्या मुलीने, दुसऱ्यांदा विचारलं, "आई, नक्की ना? कलोसियम नंतर?" नक्की. रोममधल्या चार दिवसांतली पहिली सकाळ मी एका साध्या रस्त्यासाठी राखून ठेवली होती. ट्राम पोर्ता माज्जोरे हा प्राचीन दरवाजा मागे टाकून प्रेनेस्तिना रस्त्याला लागली. पर्यटक कधीच उतरून गेले होते. आता डब्यात भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका होत्या आणि शाळेत निघालेली मुलं. पिन्येतो भागात उतरून आम्ही व्हिया मोंतेकुक्कोलीत शिरलो.

रस्ता छोटा आहे. दोन्ही बाजूंना जुन्या चाळवजा इमारती, खिडक्यांना लाकडी झडपा, कडेला लावलेल्या गाड्या आणि स्कूटर. 'रोम, ओपन सिटी' या चित्रपटात इटालियन अभिनेत्री आन्ना मान्यानीची पीना इथे ट्रकमागे धावली होती.

माझे वडील, आमचे दादा, तिला नावाने ओळखत नसत. जानेवारी १९५२ मध्ये भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. 'बायसिकल थीव्ह्ज', 'मिरॅकल इन मिलान' आणि 'रोम, ओपन सिटी' हे इटालियन चित्रपट आपल्याकडच्या लोकांनी त्यात पाहिले. गिरगावातल्या एका खोलीत सात माणसांबरोबर राहणारे दादा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. सिनेमाचं नाव पुढे त्यांच्या लक्षात राहिलं नाही, ती बाई राहिली. मी पुण्याला फिल्म ॲप्रिसिएशनच्या कोर्सला गेले तेव्हा त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "ती ट्रकमागची बाई दाखवली का गं?" दाखवली होती. लॉ कॉलेज रोडवरच्या अर्काइव्हच्या अंधारात मी ती पाहिली आणि रात्री होस्टेलवर मला जेवण गेलं नाही.

प्रसंग असा. जर्मन सैनिक इमारतीला वेढा घालतात. पीनाचा त्या दिवशी विवाह आहे, तिच्या पोटात मूल आहे. तिच्या फ्रांचेस्कोला पकडून ट्रकमध्ये कोंबतात. ती सैनिकाचा हात झिडकारते, गर्दीतून सुटते आणि त्याला हाका मारत, हात उंचावून ट्रकमागे धावते. गोळ्या सुटतात, ती रस्त्यावर पालथी पडते. तिचा लहान मुलगा अंगावर चर्चचा पांढरा झगा घेऊन धावत येतो आणि तिच्यावर पडून रडतो. सगळं एका मिनिटाच्या आत. सिनेमा अजून बराच शिल्लक असतो, आणि ज्या बाईशी आपली ओळख होत होती ती गेलेली असते. मरण इतकं कुरूप आणि अचानक दाखवायला धीर लागतो. तिचा स्कर्ट वर गेलेला, काळा मोजा दिसणारा तो पाय, ते पडणं मान्यानीने सुंदर करू दिलं नाही.

मी रस्त्याच्या एका टोकाला उभी राहिले. मनूने ट्रक कुठून गेला असेल याचा अंदाज बांधला. वरच्या खिडकीत एक आजी सतरंजी झटकत होत्या. त्यांनी खाली पाहिलं, आमच्या येण्याचं कारण ओळखलं असावं, कारण हसून त्यांनी फक्त दोन शब्द उच्चारले: "ला मान्यानी." आणि बोटाने रस्ता दाखवला.

'रोम, ओपन सिटी'चं चित्रीकरण सुरू झालं जानेवारी १९४५ मध्ये. रोम जून १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झालं होतं, पण उत्तर इटलीत लढाई चालूच होती. चिनेचित्ता या सरकारी चित्रनगरीत निर्वासितांची छावणी होती, म्हणून दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीने व्हिया देल्यी आव्हिन्योनेझीवरच्या एका हॉलमध्ये आतले सेट उभारले आणि बाकीचं रस्त्यांवर चित्रित केलं. पुढे ज्याला सगळ्यांनी नववास्तववाद म्हटलं, त्याच्या मुळाशी ही अडचण होती.

मान्यानी तेव्हा छत्तीस वर्षांची होती आणि नवखी मुळीच नव्हती. जन्म ७ मार्च १९०८, रोम. वडील कोण ते तिला माहीत नव्हतं. आई तिला आजीकडे ठेवून इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला निघून गेली. आजीनेच वाढवलं. रोममध्ये अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतलं, मग फिरत्या नाटक मंडळ्या, मग रिव्ह्यू, म्हणजे नाच-गाण्यांचे विनोदी प्रयोग. त्यात ती तोतो या मोठ्या विनोदी नटाबरोबर रोज रात्री प्रेक्षकांना हसवत असे. १९३४ पासून सिनेमात छोट्या भूमिका केल्या. दिग्दर्शक गोफ्रेदो आलेस्सांद्रिनीशी १९३५ मध्ये लग्न झालं, पण तिचा चेहरा पडद्याजोगा नाही असं तोही मानत असे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, विस्कटलेले केस, बुटकी चण. पुढे जगाला भुरळ पडली ती नेमकी याच चेहऱ्याची.

१९४२ मध्ये तिला मुलगा झाला आणि लवकरच त्याला पोलिओने गाठलं. पीनाच्या भूमिकेत जी आई दिसते ती घरीही तशीच झगडत होती. मी स्वतः आई झाल्यावर हे वाचलं आणि चित्रपट पुन्हा पाहायला बसले तेव्हा तो मला वेगळाच दिसला.

दुपारी लार्गो अर्जेंतिनाला आलो. चौकाच्या मध्यभागी, रस्त्याच्या पातळीखाली, चार प्राचीन देवळांचे अवशेष आहेत. ज्युलियस सीझरचा खून झाला तो भाग हाच. सगळीकडे मांजरं: खांबावर एक, पायरीवर तीन, एक तर थेट देवळाच्या चौथऱ्यावर पाय ताणून झोपलेलं. मान्यानी इथून चालत काही मिनिटांवर पालात्सो आल्तिएरीच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि या मांजरांना खायला घालायला खाली यायची. जगभर नाव झाल्यावरही हा नेम चुकला नाही. रोमचे लोक तिला लाडाने नान्नारेल्ला म्हणत. आपल्या गल्लीतल्या पोरीला हाक मारावी तसं ते नाव आहे.

मनूला तिचे चित्रपट फारसे माहीत नव्हते. कठड्याला टेकून मी तिला व्हिस्कोन्तीच्या 'बेल्लिस्सिमा'ची गोष्ट सांगितली. १९५१ चा चित्रपट. मान्यानी घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी बाई झाली आहे. जमवलेले पैसे ती आपल्या छोट्या मुलीला सिनेमात काम मिळावं म्हणून उधळते. चिनेचित्तामध्ये स्क्रीन टेस्ट दाखवत असताना ती चोरून आत शिरते आणि पाहते की पडद्यावर रडणाऱ्या तिच्या पोरीला ही सगळी मोठी माणसं खदखदून हसत आहेत. तिचा चेहरा तिथे कसा बदलतो ते मला शब्दांत सांगता येत नाही. मग कंपनी स्वतःहून करार घेऊन घरी येते, आणि ती नाही म्हणते. "पैसे असूनही?" मनूने विचारलं. हो, पैसे असूनही. मनू बराच वेळ मांजरांकडे बघत राहिली.

रोसेलिनीशी तिचं नातं चित्रीकरणात जुळलं आणि १९४९ मध्ये तुटलं. तो हॉलिवूडची नटी इंग्रिड बर्गमनला घेऊन स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखीच्या बेटावर सिनेमा करायला गेला. मान्यानीने शेजारच्या बेटावर 'व्हुल्कानो' केला. वर्तमानपत्रांनी त्याला ज्वालामुखींचं युद्ध म्हटलं. 'व्हुल्कानो'चा पहिला खेळ २ फेब्रुवारी १९५० ला रोममध्ये होता, त्याच दिवशी बर्गमनला मुलगा झाला आणि पत्रकार खेळ सोडून तिकडे धावले, अशी हकिकत सांगतात. या प्रकरणावर पुष्कळ चवीने लिहिलं गेलंय. मला त्यात रस नाही, कारण तिचं उत्तम काम याच्या आधीही आहे आणि नंतरही.

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सने 'द रोझ टॅटू' हे नाटक तिला मनात ठेवून लिहिलं होतं. आपलं इंग्रजी रंगभूमीला पुरेल असं तिला वाटेना, म्हणून नाटक नाकारलं, पण १९५५ चा चित्रपट केला. १९५६ मध्ये ऑस्कर मिळालं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन. समारंभाच्या वेळी ती इथे रोममध्ये, आपल्या घरी होती.

तिसऱ्या दिवशी मेट्रोने तुस्कोलाना भागात गेलो. युद्धानंतर कामगारांसाठी बांधलेल्या इमारती, त्यांच्यापलीकडे प्राचीन जलवाहिन्यांच्या कमानी, आणि दूरवर सान जोव्हान्नी बोस्कोचा घुमट. पासोलिनीचा 'मम्मा रोमा' इथला, १९६२ चा. वेश्याव्यवसाय सोडून मंडईत भाजी विकू लागलेली आई, आणि हाताबाहेर गेलेला मुलगा. तो तुरुंगात मेल्याची बातमी कळते तेव्हा ती मंडईतून घराकडे धावत सुटते. सतरा वर्षांनंतर पुन्हा धाव. पण या वेळी मागे लागायला ट्रक नाही, ज्याला गाठायचं तो आधीच गेला आहे. एवढ्या मोठ्या नटीला घेणं ही आपली चूक झाली असं पासोलिनीने पुढे म्हटलं. मला ते पटत नाही. त्या घुमटाकडे बघणारे तिचे शेवटचे डोळे दुसऱ्या कुणाचे असते तर मी इथवर आले नसते.

परतताना सान्ता मारिया सोप्रा मिनेर्व्हा या चर्चसमोर थांबलो, तिथे बेर्निनीचा तो छोटा हत्ती पाठीवर स्तंभ घेऊन उभा आहे. २६ सप्टेंबर १९७३ ला कर्करोगाने मान्यानी गेली, पासष्टाव्या वर्षी. अखेरच्या आजारात रोसेलिनी पुन्हा तिच्याजवळ होता. या चर्चमधून तिची अंत्ययात्रा निघाली तेव्हा चौकात प्रचंड गर्दी होती आणि शवपेटी बाहेर येताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. इटलीत आवडत्या माणसाला असाच निरोप देतात. तिचं दफन रोमच्या दक्षिणेला, सान फेलिचे चिर्चेओ या समुद्रकाठच्या गावी आहे. तिथवर जायला वेळ उरला नाही, याची रुखरुख आहे.

शेवटच्या सकाळी ओत्ताव्हियानो मेट्रोला उतरलो. सगळी गर्दी व्हॅटिकनकडे चालली होती, आम्ही उलट्या दिशेने व्हियाले जूलिओ चेझारेवर निघालो. इथल्या बराकीत १९४४ मध्ये जर्मनांनी धरलेली माणसं कोंडली होती. ३ मार्चला त्यांच्या बायका बाहेर जमल्या. पाच मुलांची एक आई, सहावं पोटात, आपल्या नवऱ्याजवळ जायला पुढे झाली आणि सैनिकाने तिला गोळी घातली. पीनाची गोष्ट तिच्यावरून आली.

भिंतीवर स्मृतिफलक आहे. खालून बस जात होती, सिग्नलला लोक थांबले होते. दादा जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी मनूला म्हटलं, "मोठ्याने वाच." तिने नाव वाचलं: तेरेसा गुल्लाचे.