दरवाजा इथे, मग किल्ला कुठे?

आई महिनाभरासाठी आमच्याकडे लंडनला आली आहे. काल वुलिचच्या बेरेसफर्ड चौकात भाजी घेताना ती समोरच्या विटांच्या भव्य दरवाजाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, दरवाजा इथे, मग किल्ला कुठे?"

चार वर्षं मी याच दरवाजासमोर भाजी घेतेय. मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

हा दरवाजा १८२९चा, रॉयल आर्सेनल या तोफा-दारूगोळ्याच्या कारखान्याचा. पहिल्या महायुद्धात इथे सुमारे ८० हजार माणसं कामाला होती. आर्सेनल फुटबॉल क्लबही १८८६ साली इथल्याच कामगारांनी काढला. १९६७ला कारखाना बंद झाला, १९९४ला लष्करही गेलं. पण त्याआधीच, १९८०च्या दशकात, हमरस्ता दरवाजाच्या मागून वळवला गेला. दरवाजा राहिला बाजाराच्या बाजूला आणि कारखाना गेला रस्त्यापलीकडे. दरवाजा वाचवला, पण त्याचं दरवाजापण काढून घेतलं! मला याचा खरंच राग येतो. भाजीच्या पिशव्या घेऊन सिग्नलला ताटकळताना तर जास्तच.

रस्त्यापलीकडे, कारखान्याच्या जागेत मात्र जीव ओतून काम केलंय. १७१७ची तोफा ओतण्याची कार्यशाळा अजून दिमाखात उभी आहे. जुन्या इमारतींमध्ये घरं आहेत, २०२१पासून नाटक-संगीताचं केंद्र आहे. २०२२ला एलिझाबेथ लाइनचं स्टेशन आत आलं, तेव्हापासून बाजाराकडची माणसं रोज इकडे येऊ लागली. जे जुन्या विटांना जमलं नाही, ते रेल्वेने केलं. आम्हीही आतल्याच एका नव्या इमारतीत राहतो. भाडं अंगावर येतं, शेजारी बाजारात फारसे फिरकत नाहीत. आम्ही निदान दर आठवड्याची भाजी तिथूनच आणतो.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपला शनिवारवाडा जळाला, पण दिल्ली दरवाजातून माणूस अजून आत जातो." वाडा जळाला १८२८ला, म्हणजे हा दरवाजा बांधला गेला त्याच सुमारास. मी लगेच तिथल्या ट्रॅफिकचा विषय काढला. का काढला, कोण जाणे. तिचं म्हणणं खरंच होतं.

सिग्नल हिरवा झाला. आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडताना दोनदा मागे वळून दरवाजाकडे पाहिलं.