पऱ्हाटीच्या मुलखात इंग्रजी साहित्य

ग्रामीण विदर्भातल्या महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी साहित्यासाठी आलेले नसतात. त्यांना इंग्रजी बोलता यायला हवे असते, स्पर्धा परीक्षेत मागे पडायचे नसते, नागपूरला किंवा पुण्याला मुलाखतीला बसल्यावर तोंडातून नीट वाक्य निघावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि घरी इंग्रजीचे एक वाक्यही कानावर न पडलेल्या मुलामुलींची ही अपेक्षा मला पूर्णपणे रास्त वाटते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी हा विषय शिकवताना माझे मत मात्र असे झाले आहे की, जो विद्यार्थी एखादी कविता किंवा कादंबरीतले एखादे प्रकरण ओळीओळीवर थांबत वाचतो, त्यालाच ही भाषा खरी येते; आणि असे वाचणे त्यालाच जमते, ज्याला आपल्या घरचे, शेतातले आणि बाजारातले ज्ञान वर्गाच्या बाहेर ठेवून यावे लागत नाही.

प्रत्यक्षात ते बाहेर ठेवावेच लागते, कारण परीक्षेची वाट गाईडमधून जाते. वर्ड्सवर्थ हा निसर्गकवी कसा, याचे उत्तर पाच मुद्द्यांत छापलेले असते, ते पाठ केले की दहापैकी सहा-सात गुण मिळतात, आणि त्या कवीची एकही कविता पूर्ण न वाचता पदवी हातात येते. यात विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ग्रंथालयात मूळ पुस्तकाची एखादीच प्रत असते, एस. टी. च्या वेळेवर सगळा दिवस बांधलेला असतो, आणि कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातले निम्मे बाक रिकामे होतात. पण याच विद्यार्थ्यांसमोर मूळ कविता ठेवली तर काय घडते, ते मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्याविषयीच मला सविस्तर लिहायचे आहे.

वर्ड्सवर्थची ‘मायकल’ ही दीर्घ कविता १८०० साली ‘लिरिकल बॅलड्स’ या काव्यसंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाची ही कथा आहे. त्याला वडिलोपार्जित जमीन मिळाली ती कर्जाचा बोजा घेऊनच, आणि वयाच्या चाळिशीपर्यंत राबूनही तिचा अर्ध्याहून अधिक भाग त्याला मोकळा करता आला नव्हता. पुढे ती जमीन पूर्ण मोकळी होते, उतारवयात एकुलता एक मुलगा होतो, तो बापाच्या मागे मेंढरांत वाढतो, आणि मग एके दिवशी जुनी गोष्ट उभी राहते: मायकल आपल्या पुतण्याला जामीन राहिलेला असतो, पुतण्याचा धंदा बुडतो, आणि भरपाईपोटी मायकलच्या एकूण मालमत्तेच्या जवळजवळ निम्मी रक्कम त्याच्यावर येते. शेताचा एक तुकडा विकावा असे त्याच्या मनात आधी येते. पण जमीन हातची जाऊ द्यायची नाही म्हणून तो अठरा वर्षांच्या ल्यूकला कमाईसाठी शहरात पाठवायचे ठरवतो.

वर्गात ही कथा इथवर आली की मला फारसे समजावून सांगावे लागत नाही. जामीनदार होणे म्हणजे काय, भावकीत नाही म्हणता का येत नाही, सात-बाऱ्यावर बोजा चढतो तेव्हा घरात कोण बोलायचे थांबते, जमिनीचा तुकडा विकावा की मुलाला पुण्याच्या कंपनीत पाठवावे यावर रात्री कशी चर्चा होते, हे सगळे त्यांना माहीत असते, आणि ते मोठमोठ्या शहरांतल्या अनेक वाचकांना टिपा वाचून समजून घ्यावे लागते. एरवी मान खाली घालून बसणारी एक विद्यार्थिनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला सांगत होती की मायकल पुतण्याविषयी वाईट बोलू लागतो, पण लगेच त्याला क्षमा करून स्वतःलाच थांबवतो, कवीने त्याला मुद्दाम पुढे बोलू दिलेले नाही. हे निरीक्षण कुठल्याही गाईडमध्ये नाही, आणि ते करण्यासाठी तिला ती ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागली होती. निसर्गकवीच्या पाच मुद्द्यांतून जे इंग्रजी तिला तोवर मिळाले नव्हते, ते एका वाक्याचा पुरावा शोधताना मिळू लागले.

ल्यूक निघण्यापूर्वी चौऱ्याऐंशी वर्षांचा मायकल त्याच्या हातून नव्या मेंढवाड्याचा पहिला दगड बसवून घेतो, आणि तू परत येईपर्यंत मी हे बांधकाम पुढे नेईन असे सांगतो. ल्यूक शहरात बिघडतो आणि अखेर देश सोडून परागंदा होतो, पण हे कवीने अवघ्या पाच-सहा ओळींत सांगून टाकले आहे. बाप मात्र अधूनमधून त्या अर्धवट मेंढवाड्याकडे जात राहतो, आणि कित्येकदा तिथे जाऊनही त्याने एकही दगड उचलला नाही, असे त्या वस्तीतले लोक सांगतात. समीक्षक मॅथ्यू अर्नल्डने १८७९ साली वर्ड्सवर्थच्या कवितांच्या निवडीला प्रस्तावना लिहिताना, ज्या ओळीत एकही अलंकार नाही आणि तरीही जी श्रेष्ठ काव्याची साक्ष देते अशी ओळ म्हणून हीच ओळ पुढे केली होती. माझ्या विद्यार्थ्यांना मी सर्वांत जास्त वेळ या ओळीवर थांबवतो, कारण लेखनाचा पहिला धडा तिथे आहे. दुःख हा शब्द तिथे नाही, अश्रू नाहीत, वादळ नाही. केवळ एक माणूस एक काम करायला जातो आणि ते न करता बसून राहतो.

याच कवितेविषयी वर्ड्सवर्थने १८०१ च्या जानेवारीत चार्ल्स जेम्स फॉक्स या राजकीय नेत्याला पत्र लिहिले होते. लहान जमिनीचे मालक असलेली कुटुंबे नाहीशी होत आहेत, आणि त्यांच्यातल्या जिव्हाळ्याला तो जमिनीचा छोटा तुकडाच धरून ठेवत असतो, हे राज्यकर्त्यांच्या नजरेस आणून देणे हा त्या पत्राचा हेतू होता. कवितेची प्रत राजकारणातल्या माणसाकडे पाठवावी असे कवीला वाटते, ही गोष्ट ज्या जिल्ह्याचे नाव देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत झाले तिथल्या मुलांना सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा बदलतो.

टॉमस हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या १८८६ च्या कादंबरीबाबतही हाच अनुभव येतो. धान्याचा व्यापारी हेन्चर्ड सव्विसाव्या प्रकरणात हवामान सांगणाऱ्या एका माणसाच्या झोपडीत जातो, सुगीत पाऊस धुमाकूळ घालणार या त्याच्या भाकितावर विसंबून प्रचंड धान्य खरेदी करतो, मग ऊन पडते, भाव कोसळतात, तो घाबरून तोट्यात विकून टाकतो, आणि विकल्यानंतर पुन्हा पाऊस येऊन भाव चढतात. कथेचा काळ १८४६ मध्ये इंग्लंडातले धान्य-आयातीवरचे कायदे रद्द होण्याच्या आधीचा आहे, त्यामुळे भाव सर्वस्वी स्थानिक पिकावर अवलंबून होते. हे एवढे सांगितले की भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवणारे आणि देणे अंगावर आल्याने तो पडत्या भावात काढणारे काका, मामा, आजोबा वर्गात बोलले जाऊ लागतात. नियती हा हार्डीवरील ठरावीक प्रश्न त्यानंतर विद्यार्थी वेगळ्या रीतीने लिहितात, कारण त्यात नियती किती आणि बाजार किती, हे वेगळे करण्याची दृष्टी त्यांच्याजवळ आधीच असते.

या साहित्याचा आणि आपल्या काळ्या मातीचा संबंध तसाही दूरचा नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या मालक-मजूर संघर्षावरची एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही कादंबरी क्रमशः छापली जाऊ लागली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, तेव्हा त्या गिरण्यांनी आपल्याकडच्या कापसाकडे मोर्चा वळवला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी शिकवताना हा नकाशा फळ्यावर काढला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता सर्जनशील लेखनाविषयी. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालते, आणि इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये या विषयाची एम. ए. सुरू केली. पद्धत साधी आहे: एकाने लिहिलेले इतरांनी आधी वाचून यायचे, मग लेखकाने गप्प बसून त्यांची चर्चा ऐकायची, आणि घरी जाऊन पुन्हा लिहायचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कौशल्याधारित विषयांना जागा मिळाल्यामुळे अशा लेखनाला आपल्याकडेही वाव आहे, परंतु त्याचेही गाईड निघाले आणि कथालेखनाचे सात घटक पाठ करून लिहिले जाऊ लागले, तर हाती काहीच लागणार नाही.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या खर्ड्यांत माझे गाव सुंदर असते, चंद्र चांदीचा असतो आणि वारा कानात गुणगुणत असतो. एका विद्यार्थ्याने जागलीवर, म्हणजे रात्री शेत राखण्यावर, लिहिलेला मजकूर असाच होता. ‘मायकल’ संपल्यावर त्याने तो पुन्हा लिहिला, तेव्हा चंद्र गेला होता. रानडुकरे धुऱ्याच्या कोणत्या बाजूने येतात, वडील डबा किती वेळाने वाजवतात, बॅटरी वाचवण्यासाठी ती केव्हा बंद ठेवतात, आणि सकाळी तुरीच्या कोणत्या तासांचे नुकसान पाहायला आधी जावे लागते, एवढेच उरले होते. वाक्ये छोटी होती, व्याकरण जवळजवळ निर्दोष होते. ज्या गोष्टीची आपल्याला खात्री आहे ती सांगताना परक्या भाषेतही वाक्य सरळ येते, हे मी अनेक वह्यांमध्ये पाहिले आहे.

खरी अडचण संवादांची आहे. गावातला कास्तकार वऱ्हाडी बोलतो, आणि त्याला इंग्रजीत बोलवायचे कसे? काही विद्यार्थी त्याच्या तोंडी मोडके इंग्रजी घालतात, आणि तिथे मी ठामपणे हरकत घेतो. तो माणूस आपल्या बोलीत अत्यंत नेमके, टोकदार बोलतो. मोडक्या भाषेत घातला की तो वाचकाला अडाणी वाटू लागतो, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. उद्धव शेळके यांनी १९६० च्या ‘धग’ या कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत ठेवून पात्रांना वऱ्हाडी बोलू दिले, हार्डीनेही डॉर्सेटची बोली वाचकाला झेपेल इतकीच कागदावर उतरवली. इंग्रजीत लिहिताना आपल्याला बोलीचे उच्चार आणता येणार नाहीत. परंतु तिची गती, तिचे तुटकपण, थेट उत्तर टाळून भलतेच काही विचारण्याची तिची लकब साध्या, शुद्ध इंग्रजीत आणता येते. हे शिकवण्यासाठी मी विद्यार्थ्यांना अॅन फेल्डहाउस यांनी केलेला महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवादही वाचायला देतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या गल्ल्या, विहिरी आणि माणसे अगदी साध्या गद्यात उभी राहतात.

विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी आणि भालचंद्र नेमाडे हे तिघेही इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि तिघांचेही मोठे लेखन मराठीत झाले, हे मी आवर्जून सांगतो. इंग्रजी साहित्य शिकल्याने मराठीपासून तुटावे लागते, ही भीती घराघरांत असते. माझ्या काही विद्यार्थ्यांनी इंग्रजीतले खर्डे लिहून झाल्यावर मराठीत कथा लिहायला घेतल्या, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

नोकरीविषयी मी विद्यार्थ्यांना खोटा दिलासा देत नाही. एम. ए. करून, सेट किंवा नेट उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारी माणसे त्यांना समोर दिसतात. बी. एड., अनुवाद, स्पर्धा परीक्षा हे मार्ग आहेत, आणि त्या प्रत्येकात वाचून समजण्याची व नेमके लिहिण्याची तयारी लागते, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो.

बदल परीक्षेत व्हायला हवा. प्रत्येक सत्रात वर्गात न शिकवलेली एक छोटी कविता किंवा उतारा प्रश्नपत्रिकेत असावा, आणि त्यातल्या शब्दांचा पुरावा देऊनच उत्तर लिहिणे बंधनकारक असावे. अंतर्गत गुणांसाठी स्वतःच्या लेखनाचे तीन खर्डे जोडून द्यावे लागावेत, म्हणजे पहिल्या खर्ड्यापासून तिसऱ्यापर्यंत काय कापले गेले ते शिक्षकाला दिसेल. माझ्या वर्गापुरते अंतर्गत गुणांचे हे काम मी सुरू केले आहे. या सत्राचा विषय आहे प्रत्यक्ष पाहिलेला एक व्यवहार: काट्यावर मोजला जाणारा कापूस, बैलजोडीची विक्री किंवा जामिनाच्या कागदावरची सही. लांबी एक पान, भाषा इंग्रजी, आणि पहिला खर्डा वेचणी सुरू होण्याच्या आधी.