नेपाळ की भूतान? फिरायला, राहायला आणि धंद्याला

ट्रेकिंगच्या ग्रुपवर दर ऑक्टोबरच्या आधी हा प्रश्न येतोच, नेपाळ करू की भूतान, आणि आता तर फिरण्यापलीकडे जाऊन लोक विचारायला लागलेत की तिकडे जाऊन राहता येईल का, काही धंदा टाकता येईल का. मी दोन्हीकडे जाऊन आलोय, दोन्ही देशांवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकार बघा. नेपाळ १,४७,१८१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास. भूतान ३८,३९४ चौरस किलोमीटर आणि माणसं २०१७ च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याचे दोन-तीन भाग एकत्र केले तरी तेवढी होतील. बाकी जे सगळे फरक आहेत ना, त्यातले निम्मे इथूनच सुरू होतात. एवढ्या थोड्या माणसांच्या देशाला भीती असते की बाहेरचे आले तर आपण उरणार नाही, म्हणून भूतान दार किलकिलं ठेवतो. नेपाळचं दार आपल्यासाठी १९५० च्या करारापासून उघडंच आहे, व्हिसा नाही, गोरखपूरवरून सोनौलीला जा आणि चालत पलीकडे व्हा.

फिरण्याचं बोलू. भूतानमध्ये २०२२ पासून भारतीयांनाही माणशी, दर रात्रीचे १२०० रुपये एसडीएफ, म्हणजे शाश्वत विकास शुल्क, भरावे लागतात, आधी आपल्याला हे माफ होतं. चार मोठी माणसं सहा रात्री राहिली तर २८,८०० रुपये नुसती फी, त्यात हॉटेल नाही, गाडी नाही, जेवण नाही. पारो-थिंफूच्या पुढे जायचं तर गाइडही लागतो. लोक चिडतात यावर, मी नाही चिडत. कारण तिथे गेल्यावर दिसतं की पैसे कशाचे आहेत. देशाच्या राज्यघटनेतच लिहिलंय की किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील, आणि खरंच राहिली आहे. पुनाखाच्या झोंगला, म्हणजे किल्ल्यासारख्या मठाला, नदीच्या संगमावर उभं राहिलात की ना प्लास्टिकचा ढीग दिसतो, ना कर्णे ऐकू येतात. आपल्याकडे पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईला जी गर्दी होते आणि नंतर जो कचरा उरतो तो ज्यांनी बघितलाय त्यांना भूतानचं म्हणणं लगेच पटेल. सह्याद्रीतल्या दोन-चार गडांना तरी अशी माणसं मोजून सोडायची पद्धत लावावी असं मला मनापासून वाटतं.

पण डोंगर चढायचेत? मग भूतानचा विचार सोडा. तिथे शिखरं पवित्र मानतात, १९९४ पासून ६००० मीटरच्या वरची आणि २००३ पासून सगळीच गिर्यारोहण मोहीम बंद आहे, म्हणूनच ७५७० मीटरचं गांगखार पुएनसुम अजून कोणी चढलेलं नाही. मला ही गोष्ट फार आवडते. पण ट्रेकर म्हणून माझे पाय नेपाळकडेच वळतात, जगातल्या १४ आठहजारी शिखरांपैकी ८ तिथे किंवा तिथल्या सीमेवर, आणि त्यांच्या पायथ्यापर्यंत जायला तुम्ही गिर्यारोहक असायची गरज नाही. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४१३० मीटरवर, सिंहगड नियमित चढणारा माणूस नीट तयारी करून आणि उंचीची सवय लावत गेला तर आरामात जातो, वाटेत दर दोन-तीन तासाला टी-हाऊस, डाळ-भात पोटभर आणि परत वाढून देतात. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५३६४ मीटर, तिथे मात्र घाई करायची नाही, वाटेतल्या नामचे गावाला एक दिवस जास्त थांबायचंच. सार्क देश म्हणून आपल्याला अन्नपूर्णाच्या परमिटमध्ये सवलत मिळते हे बऱ्याच एजंट लोकांकडून सांगितलंच जात नाही, तेव्हा स्वतः विचारा. आणि मराठी माणसाचं तर या डोंगरांशी नातं आहेच, पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजुंगा केलं ते नेपाळमधूनच जाऊन.

आई-बाबा बरोबर असतील, गुडघे दुखत असतील तर भूतान उत्तम, रस्ते चांगले, गाडी हळू चालते, थिंफूत तर ट्रॅफिक सिग्नलच नाही. फक्त टायगर्स नेस्ट हा पारोजवळचा कड्यावरचा मठ ३१२० मीटरवर आहे आणि चढ सरळ आहे, तो त्यांना करायला लावू नका, खालच्या कॅफेटेरियातूनही मठ छान दिसतो. तिखट खाणाऱ्यांनी एमा दात्शी खाऊन बघा, मिरच्यांचीच भाजी आणि त्यात चीज, आपल्या ठेच्यावर वाढलेल्या जिभेलाही पाणी प्यायला लागतं.

पैशांचं सांगतो, भूतानचा न्गुलत्रुम आपल्या रुपयाला समान, आपली नोट सहज चालते. नेपाळमध्ये १ रुपयाला १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून तोच आहे, दुकानदार विचारतो आयसी की एनसी, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, भाव ठरवायच्या आधी ते स्पष्ट करून घ्या. आणि दोन्हीकडे आधार कार्डावर विसंबून जाऊ नका, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं.

आता राहणं आणि धंदा. सांगलीकडच्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक, सोनं-चांदी शुद्ध करणारे लोक, देशभर गेले तसे काठमांडूतही गेले, तिथेच संसार केले, मुलं नेपाळी शाळेत शिकली. हे नेपाळमध्येच होऊ शकलं, भूतानमध्ये झालं नसतं. अर्थात नेपाळमध्येही परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही, आणि परदेशी गुंतवणुकीची किमान मर्यादा २०१९ ला ५ कोटी नेपाळी रुपये केली होती ती २०२२ ला २ कोटी केली, म्हणजे छोटा हॉटेलवाला, कॅफेवाला अजूनही बाहेरच राहतो किंवा स्थानिक माणसाच्या नावावर करतो, आणि असं दुसऱ्याच्या नावावर करू नका हे मी हात जोडून सांगतो. वाद झाला तर कागदावर तुमचं काहीच नसतं.

नेपाळची दुसरी अडचण राजकारण. २००८ ला प्रजासत्ताक झाल्यापासून एकही पंतप्रधान पाच वर्षं टिकलेला नाही, सप्टेंबर २०२५ ला तरुण पोरं रस्त्यावर उतरली, ७० पेक्षा जास्त माणसं गेली, सिंहदरबार, म्हणजे काठमांडूतलं सरकारी मुख्यालय, जळालं. आणि २०१५ चं दुःख वेगळंच, एप्रिलला भूकंप, जवळपास ९००० लोक गेले, आणि घरं अजून पडलेली असतानाच भारताच्या सीमेवर नाकाबंदी, गॅस नाही, औषध नाही, आणि त्याचा दोष तिथले लोक भारताला देतात. तो काळ तिथली माणसं विसरलेली नाहीत आणि आपण भारतीय म्हणून गेल्यावर हे समजून घेऊन बोललं पाहिजे. तरी बघा, एकेकाळी दिवसाचे कित्येक तास लोडशेडिंग असलेला हा देश आज आपल्याला वीज विकतोय, नव्याने येणाऱ्या कारमध्ये अर्ध्याहून जास्त इलेक्ट्रिक आहेत.

भूतान शांत आहे, औषधपाणी मोफत, पण तिथली तरुण मुलं ऑस्ट्रेलियाला चाललीत, पर्थला तर मोठी वस्ती झालीये. पगार नाहीत, नोकऱ्या थोड्या, देशाचं बरंचसं उत्पन्न वीज विकून, चुखा, ताला, मांगदेछू हे जलविद्युत प्रकल्प सगळे भारताच्या मदतीने बांधलेले. आणि आनंदाचा देश म्हणून कौतुक करताना एक गोष्ट कोणी बोलत नाही ती मी बोलणार, १९९० च्या आसपास दक्षिणेकडच्या नेपाळी भाषिक लाखभर लोकांना देश सोडावा लागला, वर्षानुवर्षं ते नेपाळमधल्या छावण्यांत राहिले आणि २००७ नंतर बहुतेकांना अमेरिकेसारख्या देशांनी घेतलं. भूतानने त्यांना परत घेतलं नाही. हे माहीत झाल्यापासून मी त्या देशावर प्रेम करतो पण डोळे उघडे ठेवून करतो.

म्हणून कायमचं राहायचं म्हटलं तर माझं मत नेपाळ, तेही काठमांडू नाही, हिवाळ्यात तिथली हवा खराब होते, पोखरा बघा, तळ्यापासून जरा लांब, घरभाडं परवडतं आणि सकाळी माछापुछ्रे शिखर समोर.

धंद्याच्या बाबतीत भूतानवर मात्र एक लक्ष ठेवा. आसामच्या सीमेला लागून गेलेफू नावाचं गाव आहे, तिथे राजाने डिसेंबर २०२३ मध्ये १००० चौरस किलोमीटरहून मोठं नवं शहर वसवायची घोषणा केली, वेगळे कायदे, बाहेरच्या गुंतवणुकीला दार उघडं. कोक्राझारवरून गेलेफूपर्यंत ६९ किलोमीटर रेल्वेही मंजूर झालीये. लगेच पैसे घालू नका, पण ज्यांचा बांधकाम साहित्याचा किंवा आयटीचा धंदा आहे त्यांनी गुवाहाटीला जाणं झालं तर एक दिवस काढून तिथे चक्कर मारून यावी.