चौदाच्या पुढची रेघ

इंदूरजवळच्या एका सोया प्लांटच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं आहे. ऑक्टोबरात आमच्याकडे दिवसरात्र एकच प्रश्न असतो: ट्रॉलीतल्या मालात ओल किती? खरं उत्तर ओव्हन देतो, १०३ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत. म्हणजे दुसऱ्या दिवशी. गेटवर रांग लागलेली असताना एवढं कोण थांबणार? मीटर दोन मिनिटांत आकडा सांगतं, पण ते ओल मोजतच नाही. दाण्यांची विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, मोजून ओलीचा अंदाज करतं.

तो अंदाज ओव्हनशी जुळवणारं समीकरण मी बसवलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता. चाळीस नमुने. प्रत्येक डिवायडरमधून, म्हणजे नमुन्याचे सारखे दोन भाग करणाऱ्या यंत्रातून, पाडून अर्धा ओव्हनला, अर्धा मीटरमध्ये तीनदा ओतून सरासरी. आमच्या मॅनेजरना आलेखात मीटर उभ्या अक्षावर हवं होतं, का तर "मशीन आपलं आहे." ज्याचा अंदाज बांधायचा ते उभ्या अक्षावर घ्यायचं, कारण रेघ बसवताना उभ्या अंतरांचेच वर्ग कमीत कमी केले जातात, अक्ष उलटे केले की रेघच वेगळी येते, हे पटवण्यात एक अख्खी दुपार गेली. शेवटी निघालं: ओव्हन = ०.९२ × मीटर + ०.८. आर-स्क्वेअर, म्हणजे रेघ ठिपक्यांशी किती जुळते ते (१ म्हणजे तंतोतंत), ०.९७. तो ०.९७ बघून साहेब इतके खूश, की कागद लॅमिनेट करून गेटवर टांगला. नमुने ८ ते १४ टक्क्यांमधलेच होते, हे त्यावर कुठेच नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं.

त्या रात्री परतीचा पाऊस कोसळून गेला होता. सकाळी एक म्हातारे शेतकरी आले, ट्रॉलीवरची ताडपत्री फाटलेली. परखी खुपसून नमुना काढला. मीटर १९.५. एक्सेलनं निमूट १८.७ दिलं, त्याला काय, पन्नास टाकलं तरी उत्तर देईल. सरकारी खरेदीला १२ ची मर्यादा असते, आमच्याकडे ड्रायर आहे म्हणून १७ पर्यंत घेतो. १८.७ म्हणजे माल परत.

"मैडम, दाना सूखा है, ऊपर से भीगा है बस." त्यांनी एक दाणा दाढेखाली धरला. कट्! ओला दाणा असा वाजत नाही, चेपतो. हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी कागदाकडे बोट दाखवलं.

परत केलेल्या मालाचाही नमुना ओव्हनला जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा आला: १५.२.

माझे चाळीसही नमुने गोदामातले, ओल आतबाहेर सारखी मुरलेले. सालीवर ताजं पाणी असलं की मीटर फसतं आणि आकडा चढतो. शिवाय चौदाजवळचे शेवटचे तीन ठिपके तिन्ही रेघेच्या खाली होते. तेव्हा दिसलेही होते मला. तीन ठिपक्यांचं काय एवढं, म्हणून सोडून दिले.

आता शीटमध्ये ८ च्या खाली किंवा १४ च्या वर काही टाकलं की सेल लाल होतो आणि उत्तर येतच नाही. साहेब वैतागलेत, "मग गाड्या काय दिवसभर उभ्या ठेवायच्या?" गेटवरचा कागद अजून तोच आहे.

रजिस्टरात त्या काकांचा नंबर आहे. दोनदा काढून बघितला. माल तर त्यांनी मिळेल त्या भावाला कधीच विकून टाकला असेल.