जीनोम वाचून झाला, मग तुम्ही अजून काय करता?

‘मानवी जीनोम तर २००३ सालीच वाचून झाला. मग तुम्ही एवढी वर्षं नक्की काय करता?’ व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, कधी दुसऱ्या शाखेतले सहकारीही विचारतात. प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

जीनोम म्हणजे पेशीतला संपूर्ण डीएनए, ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला. आधी त्या २००३ सालाबद्दल. तेव्हा प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं खरं, पण जीनोमचा साधारण आठ टक्के भाग वाचायचा राहूनच गेला होता. तो कुणी आळसाने सोडला नव्हता. गुणसूत्राच्या मधोमध, सेंट्रोमिअरच्या भागात, सुमारे १७१ अक्षरांचा जवळपास सारखाच तुकडा पाठोपाठ हजारो वेळा येतो. त्या काळच्या पद्धतीने एका दमात पाचशे-आठशे अक्षरं वाचता येत. हातात आलेला तुकडा त्या हजारोंपैकी नेमका कुठला, हे ठरवायला काही आधारच नव्हता. पुढे एका दमात हजारो, कधी लाखाच्या वर अक्षरं वाचणारी यंत्रं आली आणि २०२२ साली ही पोकळी भरली. त्यातही संशोधकांनी एक सुंदर युक्ती केली. आपल्या प्रत्येक पेशीत जीनोमच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची, आणि त्या एकमेकींत मिसळून गोंधळ वाढतो. म्हणून त्यांनी अशा पेशी निवडल्या ज्यांत दोन्ही प्रती एकसारख्याच होत्या. त्या पेशींत वाय गुणसूत्र नव्हतं, त्यामुळे ते संपूर्ण वाचून व्हायला २०२३ उजाडलं.

पण हा झाला संदर्भासाठी, म्हणजे इतरांचे जीनोम ताडून बघण्यासाठी ठेवलेला एक जीनोम. माझं रोजचं काम त्याच्यापुढे सुरू होतं.

एखाद्या व्यक्तीचा नमुना यंत्रातून बाहेर येतो तो सलग जीनोम म्हणून येत नाही. येतात ते दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे, साधारण साठ कोटी. आम्ही त्यांना रीड म्हणतो. जीनोम ३०० कोटी अक्षरांचा. प्रत्येक जागा सरासरी तीसदा वाचली जावी असं गणित असतं, म्हणजे एकूण ९००० कोटी अक्षरं. प्रत्येक अक्षराला यंत्र स्वतःच भरवशाचे गुण देतं. तीस गुण म्हणजे हजारात एक अक्षर चुकण्याची शक्यता. ऐकायला हे फार चांगलं वाटतं. पण सगळी अक्षरं तीस गुणांची धरली, तरी ९००० कोटींत नऊ कोटी अक्षरं चुकीची निघतात. उलट त्या व्यक्तीच्या आणि संदर्भ जीनोमच्या दरम्यान खरे फरक असतात चाळीस ते पन्नास लाख. म्हणजे चुका खऱ्या फरकांच्या कितीतरी पट. माझी सगळी कारकीर्द या एका विषमतेभोवती फिरली आहे: समोर दिसणारा फरक माणसाचा आहे की यंत्राचा?

एक जागा घ्या. तिथे तीस रीड पडले आहेत. सोळांत ए आहे, चौदांत जी. बहुधा एका पालकाकडून ए आला, दुसऱ्याकडून जी. पुढे जायचं. तीसपैकी एकातच जी असेल तर तो सोडून द्यायचा. पण सहांत असेल तर? इथे मी थांबते. ते सहाही रीड डीएनएच्या एकाच दिशेने वाचलेले आहेत का? जी दरवेळी रीडच्या टोकालाच येतोय का, जिथे यंत्र थकलेलं असतं? या जनुकाची एखादी निकामी प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर बसली आहे आणि तिचे रीड इथे भरकटून आलेत का? की हा फरक खरा आहे, पण शरीरातल्या थोड्याच पेशींत आहे? यातलं बरंचसं आता प्रोग्रॅम तपासतात आणि छान तपासतात. तरी महत्त्वाच्या जागा मी पडद्यावर उघडून डोळ्यांनी बघतेच, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही बघावं असा माझा हट्ट असतो.

‘म्हणजे हे जीवशास्त्र की संगणकशास्त्र?’ हा जोडप्रश्न. ते साठ कोटी रीड ३०० कोटी अक्षरांत आपापल्या जागी बसवायचे कसे, याचं अचूक गणित १९८१ पासून होतं, पण इतक्या डेटाला ते पुरं पडेना. मार्ग सापडला तो फाइली लहान करण्यासाठी शोधलेल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत. २००९ च्या सुमाराला ती रीड बसवायला वापरली गेली आणि काम झपाट्याने होऊ लागलं. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. पण रीड बसल्यावर जो प्रश्न उरतो, तो जीवशास्त्राचाच असतो. आणि दोन्हींच्या मध्ये संख्याशास्त्र लागतं, जे शिकायचं बहुतेक जण टाळतात. मला विचाराल तर या क्षेत्रात यायचं असेल त्याने प्रोग्रॅमिंगच्या आधी ते शिकावं.

संख्याशास्त्र नसलं की काय होतं, ते सांगते. रुग्णांचे नमुने एका महिन्यात, एका यंत्रावर वाचले. निरोगी लोकांचे दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या यंत्रावर. मग दोन गटांत शेकडो फरक दिसतात आणि सगळे आनंदतात. ते फरक आजाराचे की यंत्राचे, हे त्या डेटातून कुणालाही, कुठल्याही प्रोग्रॅमने सांगता येणार नाही. म्हणून मी सहकाऱ्यांना एकच विनंती करत आले आहे: नमुने गोळा करण्याआधी मला बोलवा.

फरक खरा ठरला, तरी तो घातक आहे का हे वेगळं ठरवावं लागतं. २०१५ पासून वैद्यकीय जनुकशास्त्रात फरकांच्या पाच पायऱ्या मानतात: घातक, बहुधा घातक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या पायरीवर फार गर्दी आहे. फरक दुर्मीळ दिसला की संशय बळावतो. पण दुर्मीळ कुणात? हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात घातक मानलेले काही फरक कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये सर्रास आढळतात, ते निरुपद्रवी आहेत आणि त्यांच्यावरून काही जणांना चुकीचं निदान मिळालं होतं, हे २०१६ साली दाखवलं गेलं. तुलनेच्या गटात थोडे जरी कृष्णवर्णीय असते, तरी ही चूक बहुधा टळली असती. आम्ही सगळे वर्षानुवर्षं वापरतो त्या संदर्भ जीनोमचाही सुमारे सत्तर टक्के भाग एकाच माणसाचा होता. २०२३ साली वेगवेगळ्या वंशांच्या ४७ जणांचा मिळून पॅनजीनोमचा, म्हणजे अनेकांचे जीनोम एकत्र गुंफलेल्या संदर्भाचा, पहिला मसुदा आला आणि जुन्या संदर्भात नसलेली सुमारे १२ कोटी अक्षरं हाती लागली. एवढ्याने भागणार नाही. जगातल्या कितीतरी लोकसमूहांचे जीनोम अजून तुलनेला नाहीतच, आणि त्यांच्या मुलांच्या अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ हेच जास्त वेळा लिहिलं जातं.

त्या दोन शब्दांवर एखादं कुटुंब वर्षानुवर्षं अडकून पडतं. म्हणून निदान न झालेल्या नमुन्यांच्या फाइली मी मिटवू देत नाही. नमुना तोच, अक्षरं तीच. पण मधल्या काळात एखाद्या नव्या जनुकाचा आजाराशी संबंध कळलेला असतो, तुलनेला नवे समूह आलेले असतात, रीड बसवण्याची पद्धत सुधारलेली असते. तोच डेटा नव्याने चालवला की काहींचं निदान होतं. सध्या माझा बराचसा वेळ या जुन्या फाइलींतच जातो.